जनावरांचे डोळे आणि कान : आधी पाहणी, मग धुणे, औषध सर्वांत शेवटी

गोठ्यातल्या गाईच्या एका डोळ्यातून धार लागली की सल्ले लगेच मिळू लागतात. कुणी मिठाची चूळ मारायला सांगते, कुणी घरात उरलेले ड्रॉप आणून देते, कुणी म्हणते चार दिवस वाट पाहू. यातला प्रत्येक सल्ला आपुलकीने दिलेला असतो, पण डोळा जातो तो बहुतेक वेळा याच चार दिवसांत. डोळ्याच्या आणि कानाच्या आजारात घरी करण्यासारखे बरेच आहे, फक्त त्याचा क्रम पाळावा लागतो. तो क्रम पुढे दिला आहे. गाय, म्हैस, बैल, शेळी यांना तो लागू आहेच. कुत्र्या-मांजरासाठी जिथे वेगळे करावे लागते, तिथे तसे सांगितले आहे.

१. आधी लांबून पाहावे.

जनावराला हात लावण्यापूर्वी आपण दोन-तीन मिनिटे समोर उभे राहून दोन्ही डोळ्यांची आणि दोन्ही कानांची तुलना करावी. पाणी एका डोळ्यातून येते की दोन्ही? एकाच डोळ्यातून येत असेल तर कुसळ, काडी, शिंगाचा किंवा चाबकाचा मार ही कारणे आधी येतात. दोन्ही डोळे गळत असतील, सोबत नाक वाहत असेल, चारा कमी झाला असेल, तर आजार सबंध शरीराचा असून डोळ्यात तो फक्त दिसतो आहे, असे धरावे. मान एका बाजूला कलली आहे का, एक कान पडला आहे का, जनावर सारखे डोके झटकते का, दावणीला किंवा दारच्या चौकटीला धडकते का, हेही याच वेळी पाहावे. कळपात आणखी कुणाला असेच झाले असल्यास तेही टिपून ठेवावे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

याच टप्प्यावर ताप मोजावा. थर्मामीटर गुदद्वारात, आतल्या भिंतीला टेकवून, एक मिनिट धरावा. गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, शेळीचे त्याहून अंशभर जास्त. कान हाताला गरम लागला म्हणजे ताप आणि गार लागला म्हणजे ताप नाही, हा अंदाज हवामानानुसार चुकतो. नुकत्याच व्यालेल्या दुभत्या गाईचे कान मात्र बर्फगार लागत असतील, ती बसून राहत असेल आणि मान पोटाकडे वळवत असेल, तर तो कानाचा आजार नव्हे. ही दुग्धज्वराची, म्हणजे रक्तातले कॅल्शियम एकाएकी घटल्याची खूण आहे. अशा वेळी पुढचे काहीही न वाचता डॉक्टरांना फोन करावा.

२. हात लावायचा की नाही, हे ठरवावे.

जनावर विनाकारण अंगावर येत असेल, लाळ गाळत असेल, आवाज बदलून सारखे ओरडत असेल, गिळता येत नसेल, तर ते पिसाळलेले असू शकते. त्याच्या तोंडाजवळ किंवा डोळ्याजवळ हात नेऊ नये. घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणे, ही अशा वेळी सर्वांत घातक चूक असते.

बाकी जनावरांना नीट बांधूनच तपासावे. खोडा असल्यास उत्तम. नसल्यास वेसण किंवा मोरकी धरून मान खांबाला जवळ बांधावी आणि एका माणसाने डोके बाजूला वळवून धरावे. दुखऱ्या डोळ्याच्या बाजूने जनावराला आपण दिसत नसतो, म्हणून आधी आवाज द्यावा, मानेवर हात ठेवावा, मग पुढे सरकावे.

३. डोळा उघडून पाहावा.

जनावर सावलीत घ्यावे. उन्हात दुखरा डोळा उघडतच नाही. हात साबणाने धुऊन अंगठ्याने वरची पापणी वर आणि तर्जनीने खालची पापणी खाली करावी. वरच्या पापणीवरून बुबुळाला अगदी हलके दाबले की आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पुढे सरकते. हा गुलाबी पडदा माणसाला नसतो. कुसळ आणि डोळ्यातले जंत याच पडद्याआड दडून बसतात, म्हणून तो पाहिल्याशिवाय तपासणी संपली असे समजू नये.

आता बॅटरीच्या प्रकाशात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, बाजूने पाहावे. ते चकचकीत आहे की निळसर-राखी झाले आहे? मध्यभागी पांढरा ठिपका आहे का, ज्याला आपण ‘फूल पडले’ म्हणतो? पृष्ठभागावर खड्डा किंवा ओरखडा दिसतो का? चिपडे पाण्यासारखे आहेत की पिवळे, घट्ट? जनावराने पापण्या गच्च मिटल्या असतील तर त्या ताकदीने उघडू नयेत. इतकी वेदना बहुधा पारपटलावरच्या जखमेची असते, आणि खोल जखमेवर दाब पडला तर डोळा फुटू शकतो. ‘डोळा उघडत नाही’ एवढी माहितीही डॉक्टरांना पुरेशी असते.

खालची पापणी उलटून आतला रंग पाहण्याची सवय मात्र निरोगी जनावरातही लावून घ्यावी. गुलाबी-लालसर रंग चांगला. फिकट पांढरा म्हणजे रक्त कमी झाले आहे. शेळ्या-मेंढ्यांत यामागे बहुतेकदा पोटातला रक्त पिणारा गोलकृमी असतो. दक्षिण आफ्रिकेत या रंगावरून १ ते ५ अशी पायरी ठरवणारा ‘फमाचा’ तक्ता तयार झाला तो याच कृमीसाठी. सगळ्या कळपाला सरसकट जंताचे औषध देण्यापेक्षा ज्यांचा रंग फिकट आहे त्यांनाच ते द्यावे, ही त्यामागची कल्पना आहे. औषधाला दाद न देणारे कृमी वाढत चालले असताना आपल्याकडेही ती वापरायला हवी, असे मला ठामपणे वाटते. पापणीचा रंग पिवळा असेल तर कावीळ. संकरित गाईत तो दिसला आणि अंगावर गोचीड असतील, तर गोचीडतापाची शंका घ्यावी.

४. मग डोळा धुवावा.

औषधाच्या दुकानातून ‘नॉर्मल सलाईन’ची बाटली आणावी. लेबल वाचूनच घ्यावी. ग्लुकोज मिसळलेली सलाईन डोळ्यासाठी नको. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करावी. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे, हलकी धार सोडावी. धार बुबुळावर नेम धरून मारू नये. ती पापणीच्या आतून वाहू द्यावी. वाळलेली चिपडे आधी ओल्या कापसाने भिजवून सैल करावीत, ओढून काढू नयेत. प्रत्येक पुसण्याला नवा कापूस घ्यावा. सलाईन मिळेपर्यंत उकळून कोमट केलेले साधे पाणी चालते.

चुना, गोचीड मारण्याचे औषध किंवा फवारणीचे द्रावण डोळ्यात गेले असेल तर सलाईनची वाट पाहू नये. स्वच्छ पाण्याने सलग १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि धुता धुताच कुणाला तरी डॉक्टरांना फोन करायला सांगावे. गोठ्याच्या भिंतींना चुना देताना जनावरे बाहेर बांधली तर हा प्रसंगच येत नाही.

५. कुसळ दिसले तर.

कापणीनंतर कुरणात चरायला सोडलेली जनावरे, कुसळी गवत, बाजरीचा भुसा, गव्हाणीत उंचावरून टाकलेला कडबा, ही नेहमीची कारणे. कुसळाला एकाच दिशेने वळलेले बारीक केस असतात. त्यामुळे पापणीची उघडझाप जितकी होईल तितके ते आत सरकत जाते. पडद्याआड सैल पडलेले कुसळ सलाईनच्या धारेने बाहेर येते, किंवा ओल्या, स्वच्छ सुती कापडाच्या टोकाने हलकेच उचलता येते. पण ते पारपटलात रुतलेले असेल तर चिमट्याने ओढू नये. निम्मे तुटून आत राहते, आणि जखम आरपार असेल तर ओढताच डोळ्यातले पाणी बाहेर येते. अशा वेळी जनावर अंधाऱ्या जागी बांधावे, डोळा खांबावर घासू देऊ नये आणि डॉक्टर येईपर्यंत थांबावे. ते भुलीचे थेंब टाकून, डोके पक्के धरून कुसळ काढतात. कुसळ निघाले की डोळ्याला बरे व्हायला वाट मोकळी होते. ते आत राहिले तर कितीही मलम लावले तरी उपयोग नाही.

६. डोळ्यात काय टाकू नये.

मिठाची चूळ, तंबाखूचे पाणी, तुरटी, चुना, कांद्याचा रस, हळदीची पूड यांपैकी काहीही नको. मिठाच्या चुळीने कधी कधी डोळा खरोखर साफ होतो, कारण पाण्याने घाण धुतली जाते. ते काम सलाईन कितीतरी स्वच्छपणे करते. तोंडातले जंतू, तंबाखू आणि झोंबणारे मीठ मात्र जखमेत जातात. डोळ्याभोवती डाग देणे हे तर निव्वळ हाल आहेत. भाजलेली कातडी आक्रसून पापणी आत वळली तर केस आयुष्यभर बुबुळाला घासत राहतात.

सर्वांत जास्त नुकसान करतात ते घरात उरलेले माणसांचे ड्रॉप. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही नावे बाटलीवर असतील तर ते स्टेरॉइड आहे. पारपटलावर व्रण, म्हणजे खोलगट जखम असताना स्टेरॉइड गेले तर लाली एका दिवसात कमी होते, बरे वाटते, आणि आत व्रण खोल होत जातो. व्रण आहे की नाही हे साध्या डोळ्यांना नेहमी दिसत नाही. डॉक्टर फ्लुरोसीन नावाच्या रंगाची पट्टी डोळ्याला लावतात. जिथे वरचा थर सोलला गेला आहे तिथे हिरवा रंग चिकटून राहतो. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. ती झाल्याशिवाय स्टेरॉइडचा एक थेंबही टाकू नये, आणि डॉक्टरांनी ती केली नसेल तर आपण नम्रपणे विचारावे.

दुखते म्हणून माणसांची गोळी किंवा इंजेक्शनही देऊ नये. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे. हे औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात, आणि आपल्या रानांतून ती जवळजवळ नाहीशी झाली ती यामुळेच. मेलॉक्सिकॅमसारखे पर्याय डॉक्टरांकडे असतात.

७. घाई किती करायची.

डोळा खोबणीतून बाहेर आला असेल, फुटला असेल, रसायन गेले असेल किंवा जनावराला एकाएकी दिसेनासे झाले असेल, तर त्याच तासात निघावे. पग, शीत्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत भांडणात किंवा गळ्याचा पट्टा जोरात ओढल्यानेही डोळा बाहेर येतो. तो आत ढकलू नये. सलाईनने भिजवलेली पट्टी त्यावर ठेवून ती ओली राखावी, पंजा लागू देऊ नये आणि दवाखाना गाठावा. या जातींना फिरवताना गळ्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. कुत्र्याचा डोळा लाल, निळसर आणि ताठ दिसत असेल, बाहुली मोठी होऊन आकुंचन पावत नसेल, तर तो काचबिंदू असू शकतो. त्यात दृष्टी एक-दोन दिवसांत जाते.

पांढरा ठिपका, गच्च मिटलेला डोळा, पिवळी घट्ट चिपडे असतील तर त्याच दिवशी दाखवावे. नुसते पाणी येत असेल, डोळा उघडा आणि बुबुळ चकचकीत असेल, तर दिवसातून दोन-तीनदा धुऊन एक दिवस पाहायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी फरक नसेल तर पुढे थांबू नये.

८. एकापाठोपाठ एक जनावरांचे डोळे येऊ लागले तर.

गाई-वासरांत हा बहुधा मोराक्सेला बोविस या जिवाणूचा संसर्ग असतो. प्रखर ऊन आणि धूळ पारपटल खरचटवते, माश्या एका डोळ्यातले पाणी दुसऱ्या डोळ्यात नेतात, आणि जिवाणू आपले विष तिथे सोडतो. आधी पाणी, मग उजेड सहन न होणे, मग मध्यभागी पांढरा ठिपका, असा त्याचा प्रवास असतो. शेळ्या-मेंढ्यांत मायकोप्लाझ्मा किंवा क्लॅमिडिया हे जंतू तसेच चित्र उभे करतात.

आपण पहिले काम करावे ते आजारी जनावर वेगळे करण्याचे. ते सावलीत, शक्यतो अंधाऱ्या कोपऱ्यात बांधावे. वैरण-पाणी आणि औषध आधी निरोगी जनावरांना, शेवटी आजारी जनावरांना, आणि मग हात साबणाने धुणे, हा क्रम रोज पाळावा. शेण गोठ्याच्या तोंडाशी साचू देऊ नये, कारण माशीचे घर तेच असते. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा तर तो गोठ्याबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून करावा. दुखऱ्या डोळ्यांना धूर सोसत नाही.

डॉक्टर ऑक्सिटेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकाचे मलम देतात किंवा इंजेक्शन देतात, गरज पडल्यास डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाखालीही. बरे होताना बुबुळाच्या कडेकडून लाल रक्तवाहिन्या मध्याकडे येताना दिसतात. ते पाहून आजार वाढला असे समजून औषध बदलू नये, ती दुरुस्तीची खूण आहे. पांढरा डाग ओसरायला काही आठवडे लागतात. प्रतिजैविक सुरू असलेल्या गाईचे दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

९. डोळ्यात हलणारा जंत.

तिसऱ्या पापणीआड बारीक दोऱ्याएवढे, एक-दोन सेंटिमीटर लांबीचे पांढरे जंत वळवळताना दिसले तर तो थेलाझिया. तोही माश्यांमार्फतच पसरतो. डॉक्टर भुलीचे थेंब टाकून जंत काढतात आणि औषध देतात. जंत बुबुळाच्या आत, पारपटलामागे पोहताना दिसला तर तो वेगळा, आणि घोड्यांत तो जास्त आढळतो. तो थेंबांनी जात नाही, छोटी शस्त्रक्रिया करून बाहेर काढावा लागतो.

१०. दोन्ही डोळे आणि अंगात आजार.

संध्याकाळी वासरू ठेचकाळते, दिवसा नीट चालते, तर रातांधळेपणा, म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता. दुष्काळात नुसत्या कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यांवर महिने काढलेल्या गोठ्यांत ती दिसते. गाभण गाईला हिरवे मिळाले नसेल तर वासरू जन्मतःच आंधळे निघू शकते. हिरवा चारा, लसूणघास, शेवग्याचा पाला सुरू करावा, आणि वासराला अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन डॉक्टरांकडून लवकर टोचून घ्यावे. उशीर झाला तर डोळ्यामागची नस दबून अंधत्व कायमचे राहते.

बुबुळ धुरकट, ताप चढ-उतार करणारा आणि जनावर गोल फिरते, तर सर्रा. तो चावऱ्या गोमाश्यांमुळे होतो आणि रक्त तपासल्यावर कळतो. शेळ्यांचे डोळे चिपडांनी चिकटलेले, तोंडात व्रण, हगवण आणि ताप, तर पीपीआर. यात डोळ्याच्या मलमात वेळ घालवू नये, शेळ्या लगेच वेगळ्या करून दवाखान्यात कळवावे. पीपीआरची लस उपलब्ध आहे. लम्पीतही डोळ्याभोवती गाठी येऊन पारपटलाला व्रण पडतो, हे २०२२ च्या साथीत अनेक गोठ्यांनी पाहिले. कुत्र्याच्या पिलाचे डोळे-नाक पिवळ्या चिपडांनी भरले, ताप आणि जुलाब असतील, तर डिस्टेंपरची शंका घ्यावी.

११. डोळ्यातली वाढ.

तिसऱ्या पापणीवर किंवा बुबुळाच्या कडेला लहानसा गुलाबी, खडबडीत उंचवटा दिसला तर ‘वडस आहे, राहू दे’ म्हणून सोडू नये. डोळ्याभोवती पांढरी कातडी असलेल्या होल्स्टिन संकरित गाईंत तो कर्करोग असू शकतो. उन्हातले अतिनील किरण हे त्याचे मोठे कारण आहे. वाढ ज्वारीच्या दाण्याएवढी असताना काढली तर डोळा राहतो. ती खोबणीत पसरली तर सबंध डोळा काढावा लागतो. एक डोळा काढलेली गाय व्यवस्थित चरते आणि दूध देते, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तर ती लांबवू नये.

१२. आता कान. आधी वास, मग नजर.

निरोगी कानाला घाण वास येत नाही. कानाची पाळी उलटून आधी वास घ्यावा, मग आत बॅटरी मारावी. गीर गाईचे लांब, दुमडलेले कान, उस्मानाबादी आणि जमनापारी शेळीचे लोंबते कान, लॅब्राडॉर आणि कॉकर स्पॅनिएल कुत्र्यांचे पडलेले कान यांत हवा खेळत नाही, ओल टिकते. सौराष्ट्रातून ब्राझीलला गेलेल्या गीर गाईंत तर कानात सूक्ष्म गोलकृमी वाढून होणारा दाह हा तिथला परिचित आजार आहे. लोंबत्या कानाचे जनावर धुतल्यावर, पावसात भिजल्यावर, कुत्रा पोहून आल्यावर कान आतून कोरडे पुसावेत. यात बरेचसे आजार टळतात.

१३. कान साफ कसा करावा.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. काडीला कापूस लावून आत घातला की मळ वळणापलीकडे दाबला जातो. म्हणून काडी घालूच नये. डॉक्टरांनी दिलेले कान धुण्याचे द्रावण कोमट करून नळीत भरावे, कानाच्या मुळाशी अंगठा आणि बोटांनी अर्धा मिनिट चोळावे. आत पचपच आवाज आला की द्रावण वळणापर्यंत पोचले असे समजावे. मग कुत्र्याला डोके झटकू द्यावे आणि बाहेर आलेली घाण कापसाने टिपावी. कान कोरडा झाल्यावरच औषधाचे थेंब टाकावेत.

मान कललेली असेल, तोल जात असेल, तर मात्र काहीही ओतू नये. कानाचा पडदा फाटलेला असू शकतो, आणि जेंटामायसिनसारखी काही औषधे त्यातून आत गेली तर ऐकू येणेच बंद होऊ शकते. डोळ्यात जसा व्रण, तसा कानात पडदा. तो शाबूत आहे हे पाहिल्यावरच औषध ठरते.

कानातला मळ कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, कोरडा आणि खाज प्रचंड असेल तर कानातले माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावेत, नाहीतर ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. तपकिरी, तेलकट मळ आणि आंबट वास बहुधा बुरशीचा, पिवळा पू जिवाणूंचा. खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. कान वर्षातून तीन-चारदा फुटत असेल तर मूळ कातडीच्या ॲलर्जीत किंवा खाण्यात असते. त्याचा शोध घ्यायला सांगावे.

१४. कानात आसडी पडली तर.

टॅगची जखम, गोचिडाने पाडलेले छिद्र, वाहणारा कान यांवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. कान खाली पडतो, रक्तमिश्रित पाणी येते, उग्र वास सुटतो. पाळीवरची जखम असेल तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस जखमेच्या तोंडाशी थोडा वेळ धरावा. अळ्या बाहेर येऊ लागतात, त्या चिमट्याने एकेक करून काढाव्यात. पृष्ठभागावर एकही दिसत नाही म्हणून थांबू नये, खाचांत शोधावे. जखम सलाईनने धुऊन माशी न बसू देणारे मलम लावावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, कारण राहिलेल्या अळ्या तेव्हा वर येतात. टर्पेंटाइन, फिनेल किंवा रॉकेल कानाच्या नळीत मात्र ओतू नये. आत अळ्या असतील तर ते काम डॉक्टरांचे. काढलेल्या अळ्या जमिनीवर टाकल्या तर त्यांच्या माश्या होतात, त्या रॉकेलच्या पाण्यात टाकाव्यात.

१५. गोचीड, गाठ आणि टॅग.

कानाच्या आतल्या बाजूला गोचीड हमखास लपतात. ते चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावेत, नखांनी चिरडू नयेत. २०११ मध्ये गुजरातेत आढळलेला क्रायमियन-काँगो ताप माणसाला गोचिडांमधूनही होतो, म्हणून हातमोजे घालावेत.

कानाची पाळी एकाएकी मऊ, फुगीर झाली तर डोके झटकून आतली रक्तवाहिनी फुटलेली असते. ब्लेडने फोडू नये. पुन्हा भरते आणि पू होतो. डॉक्टर रक्त काढून पाळीचे दोन्ही थर टाक्यांनी जुळवतात. मूळ खाजेवरही उपचार हवेत, नाहीतर दुसरा कान भरतो.

बारा अंकी टॅग लावताना तो पाळीच्या मध्यभागी, दोन कूर्चेच्या कण्यांमध्ये, शिरा चुकवून बसवायला सांगावे. आधी आणि नंतर आयोडीन लावावे आणि पहिले दहा दिवस रोज जखम पाहावी.

१६. कान पडला, मान कलली.

वासरात हे मधल्या कानाच्या संसर्गाने होते, न्यूमोनियानंतर विशेष. मोठ्या जनावरात किंवा शेळीत सोबत ताप, एका बाजूने लाळ आणि गोल फिरणे असेल तर लिस्टेरिया हा जिवाणू मेंदूपर्यंत पोचलेला असू शकतो, आणि तो येतो बहुधा बिघडलेल्या मुरघासातून. वरचा काळपट, बुरशी आलेला थर खाऊ घालू नये, कुठल्याही जनावराला. बैल एकाच बाजूला डोके झटकत असेल, शिंग खांबाला घासत असेल आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येत असेल, तर कानात औषध टाकत बसू नये. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कर्करोग असाच सुरू होतो.

कानांची टोके आणि नाकाभोवतीची पांढरी कातडी सुजून सोलपटत असेल, डोळे गळत असतील, तर घाणेरी, म्हणजे टणटणी खाल्ली का ते विचारावे. तिने यकृत बिघडते आणि उन्हाने कातडी भाजते. जनावर दिवसभर सावलीत ठेवणे हा यात अर्धा उपचार आहे.

१७. औषध टाकण्याची रीत.

खालची पापणी जरा ओढून झालेल्या खळग्यात मलमाची सेंटिमीटरभर रेघ सोडावी. ट्यूबचे तोंड डोळ्याला लावू नये. ड्रॉप आणि मलम दोन्ही असतील तर आधी ड्रॉप, पाच मिनिटांनी मलम. दिवसातून किती वेळा, हे फार महत्त्वाचे आहे. अश्रू औषध धुऊन नेतात, म्हणून दिवसातून एकदा लावलेल्या मलमाचा फारसा उपयोग होत नाही. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी. कुत्र्याला गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घालावा, आणि तो जेवतानाच काढावा.

१८. डॉक्टरांना काय सांगावे, कुठे जावे.

पहिल्या दिवशीचा आणि आजचा फोटो, ताप, घातलेली औषधे (मिठाची चूळ मारली असेल तर तीही), गाभण आहे का, हे सांगावे. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. शस्त्रक्रियेसाठी मुंबईत परळ, तसेच नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर आणि अकोला येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये आहेत. निघण्यापूर्वी फोन करून त्या दिवशी शल्यचिकित्सक आहेत का ते विचारावे.

१९. दृष्टी गेलीच तर.

आंधळे जनावर सांभाळता येते. त्याची दावण, पाण्याचे भांडे आणि चाऱ्याची जागा बदलू नये. चरायला सोडताना ओळखीच्या सोबतीच्या गळ्यात घंटा बांधावी. एकच डोळा गेला असेल तर चारा दिसणाऱ्या बाजूला टाकावा आणि धार काढायला येताना दुरूनच हाक मारावी. उरलेला डोळा महिन्यातून एकदा बॅटरीच्या प्रकाशात नीट पाहावा.